अ‍ॅग्नेसचं नाव कागदावर का नाही? (नेब्रास्कातलं फ्रीमन जोडपं आणि १६० एकर 'फुकट' जमीन)

कावेरी_ओमाहा

मागच्या शनिवारी सासूसासऱ्यांना घेऊन बिअ‍ॅट्रिसजवळच्या होमस्टेड राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. (गावाचं नाव इथले लोक 'बी-अ‍ॅट्रिस' असं 'अ‍ॅ'वर जोर देऊन म्हणतात. मी चार वर्षं चुकीचं म्हणत होते आणि एकानंही सांगितलं नाही.)

लिंकनने २० मे १८६२ ला होमस्टेड कायद्यावर सही केली. १६० एकर सरकारी जमीन घ्या, पाच वर्षं तिथे राहा, कसा, मग ती तुमची. कायदा १ जानेवारी १८६३ ला लागू झाला आणि त्याच दिवशी डॅनियल फ्रीमनने ब्राउनव्हिलच्या कचेरीत अर्ज केला. अर्ज क्रमांक १. त्याचीच जमीन आज उद्यान आहे.

माझे सासरे निवृत्त तलाठी. बाकीचं सगळं त्यांनी 'हं हं' करत पाहिलं, पण पाच वर्षांनंतरच्या पुराव्याच्या कागदापाशी, म्हणजे जानेवारी १८६८ च्या, अर्धा तास उभे राहिले. मला एकेक ओळ वाचून अर्थ सांगायला लावला. ३५ एकर नांगरून, कुंपण घालून लागवडीखाली. घर १४ बाय २० फूट, थोडं ओंडक्यांचं, थोडं फळ्यांचं, दोन दारं, दोन खिडक्या. तबेला, मेंढ्यांसाठी १०० फूट लांब छप्पर, मक्याची कणगी, सफरचंदाची ४० झाडं आणि पीचची जवळजवळ ४००. खाली दोन साक्षीदार. बाबा म्हणाले, "ही तर पीकपाहणी आहे. यांनी आधी बारा भरलाय आणि मग सात मिळवलाय."

त्याच कागदावर कुटुंब किती, तर 'बायको आणि दोन मुलं'. बायकोला नाव नाही! ती अ‍ॅग्नेस सूटर. १८६५ मध्ये लग्न होऊन आली. ४०० पीच काय एकट्या डॅनियलने लावले?

तर प्रश्न असा, की या जोडप्यांच्या आयुष्यात बायकांचा वाटा नेमका किती आणि तो लिहिलेला कुठे सापडतो? जाणकारांनी सांगावं. नुसती मतंही चालतील.

खवचट_खंडू

१६० एकर फुकट? आमच्याकडे १६० चौरस फुटांच्या पडवीवरून तिघे भाऊ कोर्टात आहेत. पुढची तारीख गणपतीनंतर.

बांधावरून

कावेरीताई, तुमच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा. 'आधी बारा मग सात' एक नंबर.

मी यवतमाळकडचा शेतकरी, तेव्हा माझी नजर ३५ एकरांवर गेली. १६० पैकी ३५. पाच वर्षांत. म्हणजे वर्षाला सात एकर. शहरातल्या माणसाला वाटेल आळशी होता. ज्यानं शेतातला कुंदा (चिवट गवत) काढलाय त्यालाच कळेल. तिथल्या उंच गवताची मुळं आठ-दहा फूट खोल जातात. हजारो वर्षांत कुणी फाळ न घातलेली जमीन. साधा नांगर आत शिरतच नसेल, आणि शिरला तरी माती फाळाला चिकटणार. आमच्या काळ्या मातीत वाफसा नसताना नांगर घाला, दर दहा पावलांना फाळ खरडावा लागतो. तिकडे जॉन डिअर नावाच्या लोहाराने १८३७ मध्ये इलिनॉयमध्ये गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर केला तो याच कारणाने. आज त्याच्या नावाचे हिरवे ट्रॅक्टर आपल्याकडेही फिरतात.

पहिल्या वर्षी नुसती हरळी उलथायची, त्यात मका टोबायचा, खरं पीक दुसऱ्या वर्षापासून. तोवर खायचं काय? हा प्रश्न फुकट जमीन देणाऱ्याला कधी पडत नाही.

लायब्ररीतला_उंदीर

थोडं पाणी ओततो, राग नसावा.

'पहिला होमस्टेडर' ही पदवी फ्रीमनने स्वतः मिरवली आणि बिअ‍ॅट्रिसकरांनी उचलून धरली. त्या एकाच दिवशी देशभरात ४१८ अर्ज झाले. डकोटातल्या माहलन गोरचाही पहिलेपणाचा दावा आहे. फ्रीमनची गोष्ट अशी की आपण फौजेतले, पलटणीत परत जायचंय, म्हणून नववर्षाच्या आदल्या रात्रीच्या मेजवानीत कारकुनाला गाठलं आणि मध्यरात्रीनंतर कचेरी उघडायला लावली. गोष्ट झकास आहे, पण तो खरंच फौजेत होता का यावरच अभ्यासकांचा वाद आहे. एवढं मात्र खरं की अर्जावर १ आहे, दाखल्यावर १ आहे आणि १८६९ मध्ये पक्का मालकी हक्क मिळाला.

'फुकट'बद्दल: अर्जाच्या वेळी १२ डॉलर, शेवटी ६, असे १८ डॉलर लागत. शिवाय बैल, नांगर, गाडी, बियाणं, विहीर, कुंपण. ज्याच्याकडे गाठीला काहीच नाही त्याच्यासाठी हा कायदा नव्हताच.

फ्रीमन अगदी कोरा शेतकरीही नव्हता. सिनसिनाटीच्या वैद्यकीय संस्थेत शिकलेला डॉक्टर होता. आणि जागा निवडली ती बघा. १६० एकरांचा तुकडा चौकोनी नाही, इंग्रजी टी अक्षरासारखा आहे, कारण कब क्रीक ओढा आणि त्याच्या काठची झाडी त्याला आत हवी होती. नेब्रास्कात पाणी आणि लाकूड दोन्ही हाताशी म्हणजे निम्मी लढाई जिंकली. मागाहून आलेल्यांना उघडा माळ मिळाला.

अ‍ॅग्नेस आयोवातल्या मिसिसिपीकाठच्या ल क्लेअरची. तिचं लग्न ठरलं होतं डॅनियलच्या भावाशी, जेम्सशी. तो यादवी युद्धात मरण पावला. मग डॅनियलने पत्रं लिहायला सुरुवात केली आणि पत्रातच मागणी घातली.

मृण्मयी_क

बाप रे. भावाची वाग्दत्त वधू. आणि पत्रावर भरवसा ठेवून मुलगी नदीकाठचं नांदतं गाव सोडून माळावर गेली. मला तर वाचूनच पोटात गोळा आला.

सीमोल्लंघन

मृण्मयी, इतकं काही नको. माझ्या आजीने आजोबांना लग्नाआधी पाहिलंही नव्हतं, पत्र तर लांबच. अ‍ॅग्नेसने निदान वाचलं, विचार केला, हो म्हणाली. त्या काळी लग्न न करता राहण्यापेक्षा दहा बाय बाराच्या खोलीत का होईना, स्वतःचं घर बऱ्याच जणींना हवं असेल. सगळ्यांना बिचारी करून टाकायची घाई नको.

खवचट_खंडू

दहा बाय बारा नाही, चौदा बाय वीस. डोंबिवलीच्या हिशेबात वन बीएचके.

सडेतोड

धागा छान चाललाय, पण एक गोष्ट कुणीच बोलत नाही. 'सरकारी जमीन' सरकारकडे आली कुठून?

तो भाग ओटो-मिझूरिया लोकांचा. १८५४ च्या तहात त्यांनी बहुतेक सगळी जमीन सोडली आणि बिग ब्लू नदीकाठी एका पट्ट्यात जाऊन राहिले. तो पट्टा याच गेज काउंटीच्या दक्षिण टोकाला. म्हणजे डॅनियल पीचची रोपं लावत होता तेव्हा जमिनीचे आधीचे मालक फार लांब नव्हते. १८८१ मध्ये उरलेली जमीनही विकायला लावून त्यांना ओक्लाहोमात पाठवलं. 'हजारो वर्षांत कुणी फाळ न घातलेली' हे ठीक, पण 'रिकामी' नव्हती. तिथे शिकार होती, नदीकाठी मका होता, गावं होती.

डॉलरनाना

आलेच. प्रत्येक धाग्यावर हेच. अहो, त्या गरीब जोडप्याने कुणाला मारलं? कायद्याने दिलं, त्यांनी घाम गाळून कमावलं. आपणही इथे येऊन घर घेतलंच ना? मग तुम्ही रिकामं करा.

सडेतोड

नाना, मारलं असं मी म्हटलेलं नाही. घाम खरा आणि बेदखलीही खरी. एक म्हटलं की दुसरं खोडलंच पाहिजे असं थोडंच आहे? माझं घर घेताना जमिनीचा मागचा कागद मी पाहिला होता. तुम्हीही पाहिला असेल.

शाळामास्तरीण

भांडू नका रे, मी दुसरं जोडपं आणते.

चार्ल्स आणि कॅरोलाइन इंगल्स. यांच्या दुसऱ्या मुलीने, लॉरा इंगल्स वाइल्डरने, म्हातारपणी लिहिलेल्या गोष्टी आपल्यातल्या अनेकांनी शाळेच्या वयात वाचल्यात. त्यात बाबा रात्री फिडल वाजवतात, आई स्वच्छ टेबलक्लॉथ अंथरते, सगळं कसं उबदार. मोठेपणी खरं चरित्र वाचलं आणि उडालेच. लग्न १८६०, विस्कॉन्सिन. १८६९ च्या सुमारास कॅन्ससात गेले ते थेट ओसेज लोकांच्या राखीव जमिनीवर. सडेतोड म्हणतात त्याच्याही पुढचं, कारण ही जमीन वसाहतीला खुलीच नव्हती. तिथून परतावं लागलं. मग मिनेसोटा, तिथे टोळ. १८७५ च्या नोव्हेंबरात चार्ल्सला 'माझ्याकडे काहीही साधन नाही' अशा शपथपत्रावर सही करावी लागली, तेव्हा मदत मिळाली ती पिठाची दोन अर्धी पिंपं, किंमत सव्वापाच डॉलर. पुढच्या वर्षी नऊ महिन्यांचा मुलगा दगावला. मग आयोवात एका हॉटेलात काम. १८७९ मध्ये थोरली मेरी आंधळी झाली. शेवटी डकोटात, डी स्मेटला, १८८० मध्ये होमस्टेडचा अर्ज, आणि लगेच १८८०-८१ चा तो भयानक हिवाळा, ज्यात रेल्वेच बंद पडली.

कॅरोलाइन लग्नाआधी शिक्षिका होती. एवढ्या स्थलांतरांत तिने मुलींचं शिक्षण सुटू दिलं नाही. मेरीला आयोवातल्या अंधांच्या कॉलेजात पाठवलं. चार्ल्स १९०२ मध्ये गेला, ती १९२४ पर्यंत होती. शेत आधीच विकून गावात राहायला आले होते. माझ्या लहानपणी माझा हिरो चार्ल्स होता. आता मला त्याचा थोडा रागच येतो. दर दोन वर्षांनी हा उठणार, 'पश्चिमेकडे जाऊ या', आणि हिने भांडी बांधायची.

डॉलरनाना

मास्तरीणबाई, आमची ही पण असंच म्हणते. न्यू जर्सी, टेक्सास, आता नॉर्थ कॅरोलायना.

बांधावरून

टोळांचं काढलंत म्हणून. मे २०२० मध्ये विदर्भात टोळधाड आली होती. काटोल, वरूड, मोर्शीकडे संत्र्याच्या बागांवर. लोकांनी थाळ्या, डबे वाजवले, धूर केला, कृषी खात्याने फवारणी केली. आमच्यापर्यंत पोचली नाही, पण चार रात्री झोप नव्हती. तिकडे १८७४ मध्ये काय झालं असेल याचा त्यावरून अंदाज येतो, म्हणजे खरं तर येत नाही. १८७५ चा एक थवा १,९८,००० चौरस मैलांवर पसरल्याचा अंदाज नोंदलेला आहे. महाराष्ट्र साधारण १,१९,००० चौरस मैल. पीक तर खाल्लंच, वाळत घातलेले कपडे, औजारांचे घामट दांडेसुद्धा कुरतडले.

गंमत अशी की तो टोळ पुढे साफ नाहीसा झाला. शेवटचा जिवंत सापडला १९०२ मध्ये, कॅनडात. नदीखोऱ्यांत तो अंडी घालायचा, तीच जमीन लोकांनी नांगरली, असं एक कारण सांगतात. त्याला मारायला कुणी निघालं नव्हतं, शेती करता करता तो संपला.

चहाटळ

आमच्याकडची हुमणी कधी संपणार ते पण कुणीतरी सांगा.

लायब्ररीतला_उंदीर

कावेरीताईंचा मूळ प्रश्न: लिहिलेलं कुठे सापडतं? तर पत्रांत.

युराया आणि मॅटी ओब्लिंगर हे असंच एक जोडपं. तो १८७२ मध्ये इंडियानाहून नेब्रास्काच्या फिलमोर काउंटीत आला, बायको आणि लहान मुलगी मागे ठेवून. दोघांची पत्रं नेब्रास्काच्या इतिहास संस्थेने जपलीत आणि वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. १८७३ मध्ये मॅटी मुलीला घेऊन रेल्वेने आली. माहेरी लिहिताना ती कौतुकाने सांगते की आम्ही आमच्या स्वतःच्या घरात आहोत, आणि तेही मातीचं! चांगल्या लाकडी घराइतकं सोयीचं नाही, पण पूर्वीच्या केबिनांपेक्षा वाईटही नाही, असं तिचं म्हणणं. रडगाणं नाही. सीमोल्लंघन म्हणतात ते इथे पटतं.

पण सात वर्षांनी, १८८० मध्ये, मॅटी बाळंतपणात गेली. माहेर इंडियानात. ती सुरुवातीची हसरी पत्रं वाचताना हे आधीच माहीत असतं, त्यामुळे मला एका बैठकीत चारपाचच्या वर वाचवत नाहीत.

मृण्मयी_क

मातीचं घर म्हणजे आपल्यासारखं पांढऱ्या मातीचं, धाब्याचं?

बांधावरून

नाही. आपण माती कालवून, भेंडे पाडून वाळवतो. त्यांचं वेगळं. नांगराने गवत मुळांसकट लांब पट्ट्यांत कापायचं, पट्ट्यांचे तुकडे करायचे आणि ते गवताची बाजू खाली करून विटांसारखे रचायचे. मुळ्याच सिमेंटचं काम करतात. थंडीत ऊबदार, उन्हाळ्यात गार. झाड नसलेल्या माळावर दुसरं करणार काय. पावसाळ्यात छत गळतं, आणि पाऊस थांबल्यावरही गळतच राहतं. उंदीर, साप छतातून खाली पडायचे म्हणून आतून कापड ताणून बांधत.

चहाटळ

लायब्ररीतला_उंदीर यांनी वैयक्तिक घेऊ नये.

लायब्ररीतला_उंदीर

घेतलं. कापडावर पडलो, लागलं नाही.

अन्नपूर्णा_६२

मला जळणाचं विचारायचं होतं. लाकूड नाही तर चूल कशावर? की मक्याची बुरकुंडं?

शाळामास्तरीण

बुरकुंडं नंतर, मका पिकायला लागल्यावर. आधी बायसनच्या रानगोवऱ्या. बायका-मुलं पाटी घेऊन माळभर वेचत फिरायची. सुरुवातीला चिमट्याने उचलायच्या, मग फडक्याने, मग हातानेच, आणि शेवटी हात न धुताच पुन्हा भाकरीला, असा विनोद तिकडे सांगतात. आपल्या बायकांना हा विनोद कळायचाच नाही. हात धुण्यासारखं झालंय काय त्यात?

अन्नपूर्णा_६२

अगदी. आणि गोवरीवरची मक्याची भाकरी काय लागते! कुणाला पाककृती हवी असेल तर वेगळा धागा काढते.

(काढा, काढा असे सात प्रतिसाद इथे येऊन गेले. संपादकांनी वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत.)

सडेतोड

आता फ्रीमनबद्दल चांगलं बोलतो, म्हणजे नानांना बरं वाटेल.

१८९९ मध्ये घराजवळच्या शाळेत बाई वर्गात बायबल वाचतात, प्रार्थना आणि भजनं म्हणवून घेतात, यावर डॅनियलने आक्षेप घेतला. शाळामंडळ ऐकेना. गडी सत्तरीच्या पुढचा, तरी कोर्टात गेला, थेट नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत. १९०२ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. अमेरिकेच्या केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने शाळेतल्या प्रार्थनेबद्दल तसा निर्णय दिला तो साठ वर्षांनी, १९६२ मध्ये. आणि जिच्यावरून भांडला त्या शाळेचं नावच फ्रीमन शाळा. विटांची ती एकखोली शाळा १८७२ पासून १९६७ पर्यंत चालली.

डॉलरनाना

हे माहीत नव्हतं. भांडकुदळ माणूस दिसतोय. आवडला.

कावेरी_ओमाहा

शाळा आम्ही पाहिली पण खटल्याचं हे माहीत नव्हतं, धन्यवाद. तिथे बाक बघून सासूबाई म्हणाल्या, "आमची पण अशीच होती, फक्त छप्पर गळायचं."

सगळे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. त्यांचं म्हणणं असं. कायद्यात २१ वर्षांवरची एकटी बाई, विधवा, घटस्फोटित, सगळ्या स्वतःच्या नावावर अर्ज करू शकत होत्या. लग्न झालेलीला ते नाही, कुटुंबप्रमुख नवरा. म्हणजे अ‍ॅग्नेसने लग्न न करता अर्ज केला असता तर तिचे वेगळे १६० एकर झाले असते आणि कागदावर नावही आलं असतं. (आई म्हणाल्या, "आणि नांगर कोण धरणार होतं?" बाबा म्हणाले, "गडी लावला असता." यावर पंधरा मिनिटं.) नोकरीत असताना लक्ष्मी मुक्ती योजनेच्या वेळी सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायला आलेल्यांना बाबांनी स्वतः फेरफार घालून दिलेत. "येणारे थोडेच होते," एवढंच म्हणाले.

उद्यानात आणखी एक केबिन आणून ठेवलीय, पामर कुटुंबाची, १८६७ ची. १४ बाय १६ फूट आणि मुलं दहा. खंडू, याचं डोंबिवलीत काय होतं?

खवचट_खंडू

पागडी.

सीमोल्लंघन

अ‍ॅग्नेसचं पुढे काय झालं हे कुणीच सांगितलं नाही की.

लायब्ररीतला_उंदीर

डॅनियल १९०८ च्या डिसेंबरात गेला. ती १९३१ पर्यंत होती. म्हणजे माळावर ओंडक्यांच्या घरात संसार मांडलेल्या बाईने मोटारी पाहिल्या, रेडिओ ऐकला असणार. दोघांना त्याच जमिनीवर पुरलंय. ती गेल्यावर पाचच वर्षांत, १९३६ मध्ये, सरकारने ही जागा स्मारक ठरवली. १९३९ पासून तिथे मुद्दाम पुन्हा उंच गवत लावलं, आज साधारण १०० एकर गवत आहे.

बांधावरून

म्हणजे ३५ एकर काढायला जिवाचं रान केलं, आणि सरकारने १०० एकर परत लावलं. आमच्याकडे कुंदा आपोआप येतो, सरकारला सांगा.

कावेरी_ओमाहा

थडग्यापर्यंत आम्ही गेलोच नाही, सासऱ्यांचे गुडघे. सप्टेंबरात गवत डोक्याच्या वर जातं म्हणतात, तेव्हा परत जाणार आहे. नावं कशी कोरलीत ते बघून फोटो टाकते.

चहाटळ

फुल पँट घाला. गवतात गोचिड्या असतात.